दारचा मोगरा दादरमार्गे मांडवात

लग्नातील फुलांचा खर्च वाढतो आहे. परंतु तो फुलांवर किती आणि फुलांच्या प्रवासावर किती, याचा हिशेब ना उत्पादकाकडे, ना यजमानाकडे

पालघर, प्रतिनिधी - विक्रमगड किंवा जव्हार तालुक्यातील एखाद्या पाड्यावर उजाडण्यापूर्वीच मोगऱ्याच्या कळ्यांची तोडणी सुरू होते. उन्हाचा चटका लागण्याआधी टोपल्या भरतात, ओल्या फडक्यात गुंडाळलेला माल गाडीत चढतो आणि शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून मुंबईच्या दादर फूलबाजारात पोहोचतो. त्याच बाजारात पालघर, बोईसरकडील लग्नांची कामे घेतलेले सजावटकार खरेदीला उभे असतात. जिल्ह्यातून सकाळी निघालेली कळी अशा रीतीने दोन-तीन हात बदलून संध्याकाळी पुन्हा जिल्ह्यातच येते, ती नवरीच्या वेणीत किंवा मांडवाच्या खांबावर माळण्यासाठी. या प्रवासात तिचे वजन घटते, आयुष्य घटते. वाढते ती फक्त किंमत.

लग्नसराईच्या तोंडावर फुलांच्या दरवाढीची चर्चा दरवर्षीच होते. परंतु फुले महाग का पडतात, या प्रश्नाचे उत्तर पालघर जिल्ह्यापुरते तरी शेतात नसून रस्त्यावर आहे. जेथे फूल पिकते आणि जेथे ते खपते, त्या दोन्ही जागा एकाच जिल्ह्यात असताना त्यांना जोडणारा बाजार मात्र जिल्ह्याबाहेर आहे. त्याची झळ एका टोकाला आदिवासी उत्पादकाला आणि दुसऱ्या टोकाला लग्नघराला बसते.

स्थलांतराला पर्याय ठरलेले पीक

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगराळ तालुक्यांत भात आणि नाचणीचा हंगाम संपला, की हाताला काम उरत नाही. वसई-भिवंडी परिसरातील वीटभट्ट्या व बांधकामे यांकडे होणारे कुटुंबांचे स्थलांतर हे या भागाचे जुने दुखणे. ‘बायफ’सारख्या संस्थांनी ‘वाडी’ कार्यक्रमातून आंबा-काजूच्या जोडीला मोगऱ्याची लागवड येथे रुजवली. राज्याच्या रोजगार हमी योजनेतील फळबाग लागवडीत गुलाब, मोगरा, निशिगंध या फुलपिकांचाही समावेश झाला. थोडी जमीन, विहिरीचे किंवा बंधाऱ्याचे पाणी आणि घरातील माणसांचे कष्ट एवढ्या भांडवलावर उभे राहणारे हे पीक आहे. हिवाळ्यात छाटणी केली, की फेब्रुवारी-मार्चपासून पाऊस पडेपर्यंत फुले मिळतात. नेमका हाच काळ उन्हाळी लग्नांचा आणि नेमका हाच स्थलांतराचा. म्हणूनच मोगऱ्याचा दर हा येथे केवळ शोभेचा विषय नाही. कुटुंब गावात राहणार की भट्टीवर जाणार, याचा तो निर्णय असतो.

हे अर्थकारण किती नाजूक आहे, याचा प्रत्यय २०२० मध्ये आला. मार्चच्या अखेरीस देशव्यापी टाळेबंदी लागू झाली तेव्हा मोगऱ्याचा हंगाम भरात होता. बाजार बंद, रेल्वे बंद, मंदिरे बंद आणि लग्ने पुढे ढकललेली. धान्य साठवता येते, चिकू सुकवता येतो. कळीला मात्र दुसरा दिवस नसतो. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, राज्यात लग्नसमारंभावर २५ माणसे आणि दोन तासांची मर्यादा आली. सलग दोन हंगाम हातचे गेल्यावर एकाच बाजारावर विसंबून राहण्यातील धोका स्पष्ट झाला. तरीही त्या बाजाराला पर्याय उभा राहिला नाही.

सर्व वाटा दादरकडे

दादर स्थानकाच्या पश्चिमेकडील फूलबाजार हा मुंबई महानगराचा मुख्य फूलबाजार आहे. तेथील व्यवहार पहाटेच रंगात येतो. वसईच्या पट्ट्यातील शेतकरी सोनचाफा घेऊन पहिल्या लोकलने दादर गाठतात, ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची. २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि पालघर, बोईसरकडील मालालाही मुंबई अधिक जवळ झाली. बोईसर ते दादर हे अंतर रेल्वेने सुमारे ९० किलोमीटर. हमखास गिऱ्हाईक आणि रोख व्यवहार यांमुळे शेतकरी तेथे जातो, तर सर्व प्रकारचा माल एकाच छताखाली मिळतो म्हणून सजावटकारही तेथेच जातो.

या व्यवस्थेत गैर काही नाही. परंतु तिची किंमत आहे. आडत, हमाली, वाहतूक आणि तूट यांचा भार माल विकताना उत्पादकावर पडतो. त्यानंतर घाऊक व्यापाऱ्याचा नफा आणि परतीची वाहतूक यांचा भार लग्नघराच्या देयकात मिसळतो. मोगऱ्यासारख्या सुट्या फुलांचा दर तर दिवसागणिक पालटतो. दाट मुहूर्त आणि चैत्र-वैशाखातील सण एकत्र आले, की भाव चढतात; मुहूर्त नसलेल्या दिवशी तेवढाच माल आला तर ते कोसळतात. कळ्या तोडून झालेल्या असतात, त्यामुळे मिळेल तो भाव स्वीकारण्यावाचून शेतकऱ्याला गत्यंतर नसते. थांबण्याची सोय ज्याच्याकडे आहे त्याचा भाव, हा बाजाराचा नियम येथे पुरेपूर लागू होतो.

बोईसरची बदललेली मागणी

दुसऱ्या टोकाला बोईसर-तारापूरची मागणी आहे. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, पोलाद, कापड यांचे कारखाने उभे राहिले आणि देशाच्या सर्व भागांतून कामगार व अधिकारी येथे आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून शासकीय कर्मचाऱ्यांची भर पडली. परिणामी एकाच रस्त्यावरील दोन सभागृहांत एकाच दिवशी दोन निराळी लग्ने लागतात. एकीकडे मुंडावळ्या, आंब्याची डहाळी आणि मोगऱ्याचे गजरे. दुसरीकडे झेंडूच्या जाड माळा, गुलाबाची वरमाला आणि घोड्यावरून येणारी वरात. किनाऱ्यावरील वाडवळ, भंडारी, मांगेला, आगरी समाजांत हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी असते, तिची सजावट वेगळी.

या सगळ्यावर छायाचित्रांचा आणि मोबाइलचा प्रभाव आहे. आपल्या लग्नाचा मंच कसा हवा, हे आता मोबाइलवरील चित्र दाखवून सांगितले जाते. त्या चित्रातील फुले बहुतेक वेळा पालघरच्या हवेतील नसतात. डच गुलाब मावळ-तळेगाव परिसरातील हरितगृहांतून येतो, जरबेरा पश्चिम महाराष्ट्रातून, कार्नेशन दक्षिणेकडील थंड प्रदेशातून, तर ऑर्किडचा मोठा भाग थायलंडहून विमानाने. थंड जागी वाढलेले, थंड गाडीतून आलेले हे फूल वैशाखातील बोईसरच्या मांडवात उतरते तेव्हा त्याचे निम्मे आयुष्य संपलेले असते. उरलेले पाच-सहा तास ते टिकवण्यासाठीच सजावटकाराची सारी धावपळ असते आणि तिचे पैसे यजमान मोजतो.

‘पॅकेज’मध्ये दडलेले प्रश्न

मांडव, खुर्च्या, दिवे, मंच, प्रवेशद्वार, गाडी आणि फुले असा एकत्रित दर सांगण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. यजमानाला ती सोयीची वाटते. मात्र एकरकमी आकड्यात फुले किती, कोणती आणि कोणत्या दर्जाची, हे कोठेच लिहिलेले नसते. तक्रारींचे मूळ बहुधा येथेच असते. ‘गुलाब’ म्हणून ठरलेल्या जागी दुसऱ्या दिवशीचा उतरता माल येतो, ‘खरी फुले’ म्हणून सांगितलेल्या कमानीच्या वरच्या भागात कापडी फुले निघतात आणि मुहूर्ताच्या गडबडीत कोणी हटकत नाही.

हे टाळायचे तर फुलांचा तपशील मांडवाच्या खर्चापासून वेगळा लिहून घ्यावा. त्यात फुलाचे नाव व रंग, दांड्याच्या फुलांचे बंडल किती, सुटी फुले किती किलो, खऱ्या व कृत्रिम फुलांचे प्रमाण आणि काम पूर्ण होण्याची वेळ या बाबी असाव्यात. ठरलेले फूल त्या दिवशी बाजारात मिळाले नाही तर त्याऐवजी कोणते, याचा निर्णय आधीच झालेला बरा. तो सकाळी सहा वाजता दादरहून आलेल्या दूरध्वनीवर करायचा नसतो. आगाऊ रकमेची पावती, तारीख बदलल्यास ती रक्कम परत मिळणार की पुढे वळती होणार आणि समारंभानंतर कचरा कोणी उचलायचा, हेही कागदावर हवे.

कराचा मुद्दाही दुर्लक्षित राहतो. ताज्या फुलांवर वस्तू व सेवा कर नाही. सजावटीच्या सेवेवर मात्र तो १८ टक्के आहे. नोंदणीकृत व्यावसायिकाकडून सजावटीसह एकत्रित काम घेतले, की संपूर्ण रकमेवर कर येतो. हार, गजरे, वेण्या, पूजेची सुटी फुले हा भाग स्थानिक हारवाल्याकडून स्वतंत्रपणे घेतल्यास तेवढी बचत होते आणि गावातील व्यवसायालाही हातभार लागतो. ठरल्याप्रमाणे काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती सेवेतील त्रुटी ठरू शकते; राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. अर्थात लेखी तपशील नसेल तर तक्रारीला आधार उरत नाही. म्हणूनच वहीच्या पानावर का होईना, करार हवा.

निवडीचा निकष ऋतू असावा. चैत्र-वैशाखात मोगरा, निशिगंध, झेंडू, सोनचाफा ही उष्ण-दमट हवेला सरावलेली फुले स्वस्त आणि टिकाऊ पडतात. तुळशीच्या लग्नानंतरच्या हिवाळी मुहूर्तांना शेवंती, ॲस्टर, ग्लॅडिओलस, जरबेरा यांचा विचार करता येतो. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात गुलाबाचा आग्रह धरणे खिशाला जड जाते, कारण ‘व्हॅलेंटाइन डे’साठी चांगला माल महानगरांकडे आणि परदेशी वळलेला असतो.

फूल तोडल्यावरही श्वास घेते

फुलांवरील खर्चाचा मोठा भाग वाया जातो तो हाताळणीमुळे. तोडलेले फूल जिवंत असते. त्याचे श्वसन सुरू असते आणि तापमान वाढेल तसा त्याचा वेग वाढतो. त्यामुळे फूल टिकवणे म्हणजे त्याला थंड ठेवणे, पाणी देणे आणि जिवाणूंपासून वाचवणे.

दांड्याच्या फुलांना पाणी शोषता यावे म्हणून दांडा धारदार सुरीने तिरपा कापावा, शक्यतो पाण्यात बुडवून. हवेत कापलेल्या दांड्याच्या नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकतो आणि गुलाब मान टाकतो. पाण्याखाली जाणारी पाने काढून टाकावीत, कारण ती कुजली की पाणी नासते आणि दांड्याचे तोंड बुजते. बादली घासून स्वच्छ केलेली असावी. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे साखर, तेवढाच लिंबाचा रस आणि ब्लीचचे काही थेंब हे घरगुती मिश्रण उपयोगी पडते. साखर फुलाला अन्न देते, आम्लामुळे पाणी दांड्यात सहज चढते आणि ब्लीच जिवाणूंना रोखते. जरबेऱ्याचा दांडा मऊ व लवदार असल्याने तो खोल पाण्यात कुजतो. त्याला चार बोटे पाणी पुरे. ऑर्किड आणि अँथुरियम ही उष्ण कटिबंधातील फुले शीतकपाटात काळवंडतात. ती सावलीत गार जागी ठेवणेच योग्य.

मोगरा, झेंडू, चाफा या सुट्या फुलांना दांडाच नसल्याने फुलदाणीचा उपयोग नाही. त्यांना ओलावा आणि गारवा हवा, पण साचलेले पाणी नको. मोगऱ्याची पूर्ण भरलेली, पांढरी पण न उमललेली कळी त्याच संध्याकाळी उमलते. म्हणून सायंकाळच्या समारंभासाठी सकाळी तोडलेल्या कळ्या घ्याव्यात आणि उमललेली फुले नाकारावीत. गजरे सुती ओल्या कापडात गुंडाळून केळीच्या पानात किंवा झाकणाच्या डब्यात ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्यास आत घाम साचतो, कळ्या तपकिरी पडतात. किनारपट्टीच्या दमट हवेत झेंडूवर सारखे पाणी मारण्याची सवयही घातक आहे. पाकळ्यांच्या तळाशी पाणी राहून बुरशी धरते.

एक खबरदारी खास या जिल्ह्यासाठी. पिकणारी फळे इथिलीन हा वायू सोडतात आणि त्याच्या संपर्कात फुले अकाली मिटतात, पाकळ्या गाळतात. कार्नेशन आणि ऑर्किड त्याला विशेष बळी पडतात. लग्नघरात पाहुण्यांसाठी आणलेल्या चिकूच्या, आंब्यांच्या पेट्या आणि केळीचे घड ज्या खोलीत असतात, त्याच गार खोलीत फुलांच्या बादल्या ठेवल्या जातात. सकाळी फुले उतरलेली दिसतात आणि दोष मात्र फुलवाल्याला मिळतो.

कृत्रिम फुलांचे आव्हान

ताजे फूल टिकत नाही, महाग पडते आणि ऐनवेळी दगा देते. या तिन्ही अडचणींवर प्लॅस्टिकच्या व कापडी फुलांनी उपाय शोधला. एकदा घेतलेला माल सजावटकार हंगामभर वापरतो. त्यामुळे दर कमी सांगता येतो आणि पहाटेची दादरची खेपही वाचते. त्याची झळ थेट उत्पादकाला बसते. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल वापराच्या प्लॅस्टिकवरील बंदीत सजावटीचे थर्माकोल आहे, मात्र प्लॅस्टिकची फुले नाहीत. फूल उत्पादकांच्या संघटनेने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. जुलै २०२५ मध्ये हा विषय विधानसभेत गाजला आणि फलोत्पादनमंत्री भरत गोगावले यांनी कृत्रिम फुलांवर बंदी आणण्याची घोषणा केली.

उत्पादकांची मागणी रास्त आहे. तथापि केवळ बंदीने मोगऱ्याचा भाव वधारेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कृत्रिम फूल बाजारातून हटले तरी त्याची जागा दारचा मोगरा घेईल की परराज्यातून आलेले बंडल, हे पुरवठ्याच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे. शिवाय खऱ्या फुलांची सजावटही सर्वस्वी निर्दोष नसते. दांडे खोचण्यासाठी वापरला जाणारा हिरवा स्पंज हाही एक प्रकारचे प्लॅस्टिकच असून तो चुरा होऊन मातीत-पाण्यात जातो. बादली, ओले गवत किंवा तारेची जाळी हे त्याला पर्याय आहेत.

अंतर कमी करण्याची गरज

जिल्ह्याला भव्य बाजार समितीची नव्हे, तर लहान दुव्याची आवश्यकता आहे. महामार्गावरील मनोर ही डोंगराळ तालुके आणि पालघर-बोईसर यांना जोडणारी नैसर्गिक जागा. तेथे किंवा बोईसरमध्ये पहाटे भरणारा फूलबाजार, त्याला जोडून एखादी शीतखोली आणि वजनकाटा एवढी सोय झाली तरी उत्पादकाच्या हाती ‘थांबण्याची’ शक्ती येईल. महिला बचतगटांनी कळ्यांऐवजी गजरे, वेण्या आणि मुंडावळ्या तयार करून थेट लग्नघरांना पुरवल्यास कळीच्या किमतीत गुंफणीची मजुरी मिळेल. मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ मध्ये आणि याच जिल्ह्यातील घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या मालाला नाव मिळाले की गिऱ्हाईक ते नाव घेऊन मागणी करते, हा अनुभव जिल्ह्याला नवा नाही.

लग्नघरांनाही यात भूमिका आहे. तारीख ठरली, की महिना-दीड महिना आधी एखाद्या उत्पादक गटाशी किंवा गावच्या हारवाल्याशी ठराविक वजनाचा आणि ठराविक दराचा व्यवहार करता येतो. दोघांचीही बाजारातील चढ-उतारातून सुटका होते. मंचावरील ऑर्किडचा हट्ट सोडणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी निदान गजरे, हार आणि तोरणे जिल्ह्यातून घ्यावीत.

वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले, बुलेट ट्रेनच्या मार्गावर बोईसर हे स्थानक आहे. येत्या काळात या परिसरात वस्ती वाढेल, सभागृहे वाढतील आणि लग्नांवरील खर्चही वाढेल. तो पैसा दादरमार्गे फिरून यायचा की विक्रमगडच्या पाड्यावर थेट पोहोचायचा, हे आताच ठरवावे लागेल. कळी तोडल्यापासून उमलेपर्यंत जेमतेम बारा तास असतात. त्यातले निम्मे रस्त्यातच सरणार असतील, तर नवरीच्या वेणीला सुगंध कमी आणि वाहतुकीचा खर्चच अधिक, असे म्हणावे लागेल.